उलट बोलणारी ढोलकी

पक्षाघातानंतर पप्पा चालतील, बोलतील, हाताने जेवतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. डाव्या हाताची खात्री मात्र कोणी देईना. तरुणपणापासून पप्पा भांडुपच्या गायनपार्टीत ढोलकी वाजवायचे आणि त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, गायची. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत दोघांना जेवायलाही फुरसत नसायची. आता ढोलकी कापडात गुंडाळून कपाटावर गेली होती.

मी अंधेरीला एका वर्कशॉपमध्ये काम करते. शूटिंगसाठी आम्ही हलणाऱ्या वस्तू बनवतो, पिसारा फुलवणारा मोर किंवा मान डोलावणारा नंदी. इलेक्ट्रॉनिक्स शिकताना सायबरनेटिक्स हा विषय मला फार आवडला होता. यंत्र काहीतरी करतं, त्याचा परिणाम त्याच्याकडे परत येतो आणि त्यावरून ते पुढचं ठरवतं. मोराला याची गरजच नव्हती. पप्पांना होती.

मी ढोलकी खाली काढली. उजव्या बाजूला एक बारीक माईक चिकटवला, डाव्या बाजूला मोटरवर चामड्याचा गोळा बसवला. पप्पांचा उजवा हात ऐकून डाव्या बाजूचा घुमारा यंत्राने द्यायचा. पहिल्याच रविवारी ते अचूक वाजलं. पप्पांनी थोडा वेळ वाजवलं आणि हात काढून घेतला.

"चुकलं का काही?"

"चुकत नाही गं. नुसतं होला हो करतं. मी एकटाच वाजवतोय असं वाटतं."

मग मी पार्टीची जुनी रेकॉर्डिंग लावून बसले. त्यात पप्पांचा डावा हात उजव्याच्या मागे कुठेच नव्हता. मध्येच तो गप्प बसायचा, मध्येच पुढे घुसायचा. मी यंत्राचा सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आता एकच ठेका फार वेळ चालला की यंत्र कंटाळायचं, थांबायचं आणि स्वतःचं काहीतरी टाकून बघायचं. पप्पांनी ते उचललं तर लक्षात ठेवायचं, नाही उचललं तर सोडून द्यायचं.

सुरुवातीला वाट लागली. दोघं एकमेकांच्या अंगावर पडत होते. पप्पा यंत्राला चक्क झापायचे, "थांब ना रे, माझं होऊ दे." हळूहळू त्यालाही त्यांची सवय झाली आणि त्यांनाही त्याची. एका सकाळी स्वयंपाकघरातून मला त्यांचं हसणं ऐकू आलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

आत्या मात्र तयार नव्हती. "मशीनवर मी नाही गाणार, दादा."

"मशीनवर नको गाऊस. माझ्यावर गा."

बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात ती गायला बसली ती जरा घुश्शातच. पहिलं गाणं सरळ गेलं. दुसऱ्या गाण्याच्या मधल्या जागेत यंत्र अचानक गप्प झालं. पप्पा उजव्या हाताने एकटेच वाजवत राहिले, अजिबात घाबरले नाहीत. समेच्या जरा आधी घुमारा असा काही आला की त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी उत्तर दिलं. तिकडून परत उत्तर आलं. मी शिकवलेलं त्यात काहीच नव्हतं. आत्या गायची थांबली आणि नुसती टाळी देत दोघांना वाजवू देऊ लागली. मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली. शेवटी तिघंही एकत्र समेवर आले तेव्हा टाळ्यांत ढोलकी ऐकू येईना.

मंचावरून खाली उतरल्यावर आत्याने विचारलं, "त्या मधल्या जागेची प्रॅक्टिस कधी केलीत?"

"केलीच नव्हती," पप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा घामाने चमकत होता.

त्या वर्षापासून पार्टी पुन्हा सुरू आहे. मुलुंड, घाटकोपर, बोरीवली, जिथून बोलावणं येईल तिथे जाते. अंधेरीच्या एका चित्रप्रदर्शनातही त्यांना बोलावलं होतं आणि तिथे पप्पांनी झकास दोन तास वाजवलं. परतताना टेम्पोत ते ढोलकी मांडीवर घेऊन बसले होते.

"आज फार शहाणपणा करत होतं," ते तक्रार करत म्हणाले, आणि घर येईपर्यंत उजव्या हाताने तो शहाणपणा मला वाजवून दाखवत राहिले.