उजव्या सोंडेचा लेझर

नव्वदच्या दशकात मी पेणहून रोह्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला जायचे. लेझर कळणारी बाई या पट्ट्यात आपण एकटीच, असा माझा समज होता. गाडीत मांडीवर जाड इंग्रजी पुस्तक उघडून बसायचे. कासू स्टेशन मागे पडलं तरी पान तेच असायचं.

मला हवी होती लॅबमागची बिनखिडकीची खोली. लेझरच्या कामाला अंधार लागतो. पण तिथे क्रिकेटच्या मॅट रचलेल्या. प्रिन्सिपॉल म्हणाले, “विज्ञान प्रदर्शनात काहीतरी करून दाखवा, खोली तुमची. नाहीतर मॅट बऱ्या.”

मग मी खिशात मावणारा एक टीव्ही उघडला आणि त्यातली लिक्विड क्रिस्टलची इवलीशी काच काढली. आज नातीच्या मोबाइलला असते ना, त्या काचेची पणजी म्हणा. तिच्यात हजारो बारीक चौकोन. कॉम्प्युटर सांगेल तसा एकेक चौकोन प्रकाश अडवतो किंवा सोडतो. काचेवर रेघांची नक्षी पाठवायची, तिच्यातून लेझरचा लाल झोत सोडायचा, पुढे भिंग धरायचं. भिंतीवर नक्षी दिसतच नाही, वेगळंच चित्र उमटतं. कुठल्या चित्राला कुठली नक्षी, हे गणित कॉम्प्युटर करायचा आणि एका चित्राला अख्खा दिवस खायचा.

सासरी गणपतींचा कारखाना, तेव्हा चित्र गणपतीचंच. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी सासूबाईंना मुद्दाम रोह्याला नेलं. कारखान्यात मूर्तींचे डोळे त्या रंगवायच्या, आणि माझ्या फिजिक्सला ‘दिव्यांचं काम’ म्हणायच्या. म्हटलं, आता बघाच.

पडदे ओढले, बटण दाबलं. भिंतीवर लाल गणपती उभा राहिला. पलीकडे त्याचंच जुळं, डोकं खाली, पाय वर. या पद्धतीत ते येतंच. मी कौतुकाची वाट बघत उभी.

“अगो, हा तर उजव्या सोंडेचा हाय,” सासूबाई म्हणाल्या. “याचं कडक सोवळं कोण पाळणार? तू? चहाआधी आंघोळ होत नाय तुझी.”

“आई, प्रकाशाला डावं-उजवं नसतं.”

“प्रकाशाला नसंल. सोंडेला असतं.”

मागे उभे राहून बघणारे प्रिन्सिपॉल घाबरले. “बाई, उद्या अख्खा रोहा येणार. हे राहू द्या, एखादं फूल दाखवा.”

फुलाचं गणित व्हायला दिवस लागला असता. खोली हातची चालली. तेव्हा या विदुषीने काय करावं? फळ्यावर समीकरणं मांडायला घेतली. फळा गच्च भरला आणि तळाशी उत्तर आलं: चित्राची बाजू पालटायची तर काचेची पालटा. काच उचलून पाठ पुढे करून बसवली, झालं. फळा पुसायलाच जास्त वेळ लागला.

सोंड डावीकडे वळली. सासूबाईंनी जवळ जाऊन निरखली, मग उलट्या जुळ्याकडे बोट केलं. “याला झाक. पाहुण्यांपुढं शीर्षासन बरं नाय.” तिथे पुठ्ठा लावला.

दुसऱ्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली. लोक चपला काढून आत येत होते आणि प्रिन्सिपॉल स्वतः चपला सरळ लावत होते. संध्याकाळी मी बटणाकडे हात नेला, तर सासूबाई म्हणाल्या, “थांब गो, आरती नाय झाली.”

आरतीनंतर खोलीची किल्ली मिळाली. मॅट मात्र मलाच ओढायला लागल्या, आणि कुठली कुठे ठेवायची हे सासूबाई दारात उभ्या राहून सांगत होत्या.