पियानोवर वळणारी दोन बोटं

"हात माझाच आहे, पण पियानो दिसला की मला ओळख दाखवत नाही," असं म्हणून तो उजवा पंजा आमच्यापुढे धरायचा आणि स्वतःच त्याच्याकडे नवलाने बघायचा.

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारा हा ब्राझीलचा जॅझ पियानोवादक. त्याच हाताने तो कांदा बारीक चिरायचा, शर्टाची बटणं लावायचा. पियानोवर हात ठेवला, की मात्र करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपोआप आत वळायचं. दुखत काही नसे. मेंदूकडून बोटांना जाणारा निरोपच चुकतो, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. कार्यक्रम बंद पडले. चार वर्षं तो एकेक सूर पुन्हा शिकत होता. मी घरून काम करायचो तेव्हा भिंतीपलीकडून तेच पाच सूर तासन्‌तास ऐकू यायचे. तुम्ही असता तर वैतागला असता. मीही वैतागलो.

"मेट, पुढचं कधी वाजवणार?" एकदा विचारलंच.

"हेच पुढचं आहे," तो हसून म्हणाला.

लॉकडाउनमध्ये बोटं बरीचशी सरळ राहू लागली. त्याने अल्बम करायला घेतला. चाली त्या हाताला झेपतील अशा, संथ. मला रेकॉर्डिंगचा नाद. पण कुणाच्या घरी जायला बंदी. मग त्याने माइकच्या वायरी माझ्या बाल्कनीत टाकल्या. मी हेडफोन लावून लॅपटॉपशी बसायचो, तो पलीकडे वाजवायचा.

"आईला ऐकवायचंय," तो म्हणाला. "तिनेच शिकवलं. हात बिघडल्यापासून तिने माझं काही ऐकलेलं नाही."

सहा चाली झाल्या आणि तिकडे ब्राझीलला आईला कोविड झाला. तेव्हा ऑस्ट्रेलियातून बाहेर जायलाही सरकारची परवानगी लागायची; ती मिळेपर्यंत एकही विमान उरलं नाही. "नो वरीज," तो मलाच धीर द्यायचा. रोज एक चाल बहिणीला पाठवायचा, बहीण ती हॉस्पिटलमधल्या नर्सला. आईच्या कानाशी कुणी फोन धरला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

सातवी चाल निम्मी झाली असताना हेडफोनमध्ये त्याचा फोन वाजला. पोर्तुगीज मला येत नाही. पण बहिणीचा आवाज, मग याचा, मग नुसता श्वास. मला कळलं. हेडफोन काढावा तर तो तिथे एकटा, ठेवावा तर मी चोरून ऐकतोय. शेवटी बाल्कनीत जाऊन हाक मारली.

"येऊ का?"

"नको. तुला दंड होईल."

मी कठड्यावरून हात पुढे केला. तो त्या हाताकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी बोटं पुन्हा वळली. ती सरळ व्हायला कितीतरी महिने गेले. अल्बम निघाला, सातवी चाल अर्धीच ठेवून.

"आता हात चालतोय तुझा," मी आधी म्हटलं होतं. "पुरी करू या."

"हात चालतोय," तो म्हणाला. "मला जमत नाहीये."

सीमा उघडल्या आणि तो कायमचा घरी निघाला. नेमका त्याच आठवड्यात मी पॉझिटिव्ह, खोलीत बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहिलं, तर टॅक्सीशी उभा राहून तो वर बघत होता. समुद्राकडून सोसाट्याचा वारा येत होता. तोंडाशी दोन्ही हात धरून तो काहीतरी ओरडून सांगत होता, बराच वेळ. मला एक शब्द ऐकू आला नाही. मी मान हलवत राहिलो, सगळं कळल्यासारखी.