गेममधला भोंगा

पन्नाशीला टेकल्यावर मी मोबाईलवरच्या लढाईत उतरलो. नरोलीच्या कारखान्यात मी सुपरवायझर; माझ्या शेजारच्या खोलीत माझ्याच शिफ्टचे तीन ऑपरेटर राहतात. त्यांचा चौथा गडी गावाला गेला, म्हणून सुट्टीच्या दुपारी त्यांनी मला ओढलं.

"साहेब, फुकटचा गेम आहे, घाबरता काय?" त्यांच्यातला धुळ्याचा म्हणाला.

घाबरतोय कोण! फक्त अंगठा असा थरथरत होता की फळीवरची भांडी वाजायला लागली.

ही मॅच जिंकली की त्यांची टीम वरच्या लेव्हलला जाणार होती. महिनाभर तिघं त्याच्यासाठीच जगत होते. मी झुडपात लपलो आणि इकडे खोलीतही श्वास रोखून बसलो. शत्रूच्या बुटांचा आवाज कानाशी आला. काळीज सुकून सुपारीएवढं झालं. तेवढ्यात गेममध्ये भोंगा वाजला.

आमच्या कंपनीत आगीचा भोंगा वाजला की मशीन सोडून सगळ्यांनी मोकळ्या मैदानात जमायचं आणि मी डोकी मोजायची, अशी पद्धत. मी झुडपातून उठलो, मैदानाच्या मधोमध उभा राहून गरजलो, "सगळे बाहेर या! रांगेत!"

आणि तिघंही मुकाट आले. डोकी मोजायच्या आत चौघांचीही उडाली.

मग धुळ्याचा म्हणाला, "साहेब, आमची हजेरी लागली ना?" तिघंही हसून लोळले. मीही हसलो, पण आतून गार पडलो होतो. उद्या कंपनीत खरंच आग लागली आणि मी हाक मारली, तर आता हे येतील का?