तेजोमेघ आणि परतीचं तिकीट

लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत, फ्रीमाँटला आले. आमच्याकडं सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. भांडण नसतं, रीतच तशी. त्यात मी चौथी शिकलेली आणि मुळात बुजरी. नात झाल्यावर मात्र सोय झाली. तिला मांडीवर घेऊन मी म्हणायचे, "बाबांना सांग, पोळ्या झाल्यात." जावई तिच्याकडं बघून म्हणायचे, "आजीला म्हणावं, मीटिंग आहे, अर्ध्या तासानं जेवतो."

लेक हसायची. "आई, तिला अजून मान सावरता येत नाही आणि तुम्ही दोघांनी तिला पोस्टमन केलंय."

मग लेकीची रजा संपली. ऑफिसला जाताना ती नातीला डेकेअरमध्ये सोडायला लागली. जावई घरूनच काम करतात, वरच्या खोलीत. घरात आम्ही दोघंच उरलो आणि निरोप न्यायला कुणी नाही. मी दाराशी चहा ठेवायचे, ते "थँक यू" म्हणायचे. संध्याकाळी लेक आली की माझा पहिला शब्द घोगरा यायचा.

मला परत जायचं होतं. तिकिटाला अजून दोन महिने होते. लेकीला सांगितलं तर ती रडेल, हे माहीत होतं. "काम नाही तर आराम कर ना," असं ती एकदा म्हणालीही होती. तिकिटाचं सगळं जावई बघतात, म्हणजे त्यांनाच सांगायला हवं. रोज जिना चढताना मी वाक्य जुळवायचे आणि कप ठेवून खाली यायचे.

एका दुपारी दार उघडं होतं. त्यांच्या मोठ्या पडद्यावर लाल ढग पसरला होता, जास्वंदीचा रंग पाण्यात सुटावा तसा. त्यांना दुर्बिणीचा नाद आहे. मागच्या अंगणात कॅमेरा लावून ठेवतात आणि जेवणाच्या सुट्टीत ते फोटो एकावर एक जोडत बसतात. मी कप हातात धरून तशीच उभी राहिले.

"तेजोमेघ आहे," ते पडद्याकडं बघत म्हणाले. "मृगाच्या पोटात बाण असतो ना, तीन तारे? त्याच्या जरा खाली. नुसत्या डोळ्यांना पुसट दिसतो."

ते तीन तारे मला लहानपणापासून माहीत. त्यांच्याखाली एवढं काही असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

"हा सगळा वायू आणि धूळ. यातूनच नवे तारे होतायत. जे झालेत ते इतके तापलेले आहेत, की त्यांच्या तेजानं भोवतीचा वायू असा लाल चमकतो."

"तारे झाल्यावर या ढगाचं काय होतं?" मी विचारलं.

मी त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न. त्यांनी मान वळवली.

"विरून जातो. म्हणजे, तारेच त्याला हळूहळू दूर लोटतात." मग जरा ओशाळून म्हणाले, "फार वर्षं लागतात त्याला, आई."

बोलणं सुरू झालंच होतं. मी धीर केला. "बाबांना सांग, आजीला आता घरी जायचंय."

"ती इथं नाहीये, आई," ते हळू आवाजात म्हणाले. "मलाच सांगा."

मग सांगितलं. तिकीट अलीकडचं करून द्या, इथं माझा वेळ जात नाही.

त्यांनी दुसरी खुर्ची ओढून दिली. "तुमच्या लेकीला मी समजावतो," म्हणाले. अर्धा ढग झाकून पडद्यावर विमानांची यादी आली. मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून ते एकेक तारीख वारासकट मराठीत वाचून दाखवत होते. प्रत्येक तारखेनंतर थांबत होते. दर वेळी मला वाटायचं, आता "राहा की" म्हणतील. म्हणाले असते तर मी राहिले असते, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. पण मी पहिल्यांदाच त्यांच्याकडं तोंडानं काही मागितलं होतं, आणि ते माझ्या शब्दाला मान देत होते.

"पुढच्या बुधवारचं चालेल?"

"चालेल," मी म्हणाले.