टीसी मागायला आलेले बाबा

"टीसी काढून द्या, मॅडम. पोरीले घरी न्याचं हाय."

समोर हेमराजभाऊ उभे होते. चोरखमारा तलावाकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेल्या कोहळी समाजातले शेतकरी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या प्रणालीचे वडील. मागे प्रणाली, मान खाली घालून. टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. तो वर्षाच्या मध्यात काढला की शिष्यवृत्ती थांबते. आणि घरी गेलेली मुलगी सहसा परत येत नाही.

"झालं काय?"

"तुमी तिले झाडाईले पानी टाकाले लावलं. आमच्या गावातल्या एकानं पाहलं. आता लोक म्हनून राहिले, बापाले पोसनं होत नाही, पोरीले मजुरीले धाडलं."

आमच्या कॉलेजची 'कमवा आणि शिका' योजना मी सांभाळते. मी समजावू लागले. शिष्यवृत्तीतून फी भागते, पण मेसचं बिल नाही. ते दर महिन्याला द्यावं लागतं. म्हणून विद्यार्थी रोज थोडा वेळ लायब्ररीत किंवा बागेत काम करतात आणि त्या मानधनातून मेस भागते. मी बोलत गेले, हेमराजभाऊ खिडकीबाहेर बघत गेले.

"बरं, काम बंद करू. कॉलेज तरी राहू द्या," मी म्हटलं.

"मंग मेसचं कोन भरल? धान निघाल्याबिगर हातात नगदी येत नाही."

म्हणजे कामही नको आणि कामाशिवाय इलाजही नाही. माझं सगळं नियमपुस्तक तिथे संपलं. क्लार्कने अर्ज आणून ठेवला. त्यावर प्रणालीची सही लागते. तिने पेन उचललं.

सही न करताच ती म्हणाली, "बाबा, पान्याच्या आंधी तुमी पाळीवर माती टाकाले कायले जाता?"

पाळ म्हणजे तलावाचा बांध. यांच्या गावात पावसाळ्याआधी तो दुरुस्त करायला घरटी एक माणूस जातो. जो येत नाही, त्याच्या शेताला पाणी सगळ्यांत शेवटी.

"आपला तलाव होय. तिथं का मजुरी घेतो?"

"पानी तं घेता. मंग तुमाले कोनी मजूर म्हनते का?"

हेमराजभाऊ एकदम उठले. आता हे हात धरून नेतात तिला, असंच मला वाटलं.

"कुठं पानी टाकते तं दाखव."

आम्ही बागेत गेलो. वाफ्याच्या कडेचा बांध फुटला होता आणि पाणी रस्त्यावर चाललं होतं. हेमराजभाऊंनी बाह्या वर सारल्या, खाली बसले आणि चिखल थापू लागले.

"सारं पानी वाया जाऊन राहिलं! अशी पाळ बांधतेत का? घरान्याचं नाव घालवशील."

इतका गोड रागावणारा बाप मी पाहिला नव्हता. प्रणाली हसत होती. मला मात्र रडू येत होतं.

हात धुऊन ते थेट बसस्टँडकडे गेले. अर्ज टेबलावरच राहिला. मी तो फाडून टाकला.

प्रणाली आता शेवटच्या वर्षाला आहे आणि बाग अजून तिच्याकडेच आहे. मी मात्र प्रवेशाच्या दिवशी पालकांना आधी काम दाखवायला नेते, नियम नंतर सांगते. नियम समजले नाहीत तर पालक विचारतात. लोक काय म्हणतील, हे ते विचारत नाहीत. त्यासाठी ते थेट टीसी मागायला येतात.