दोन पाळ्यांची बातमी

मंगळवार, सकाळचे साडेअकरा. हिंगोलीच्या एसटी आगारासमोरची चहाची टपरी. तिथून मी एक फोन केला आणि बावीस वर्षांची पत्रकारिता मातीत घातली. कशी, ते ऐका. खुशाल हसा!

वयात येणाऱ्या लेकरांना शाळा काही सांगते का, यावर बातमी करत होतो. कुरुंद्याकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, मुलींना पाळीची माहिती देता का?"

"व्हय तर! दरसाल जूनमध्येच."

"उघड?"

"फळ्यावर लिहून! लपवायचं काय त्यात?"

"आणि मुलांना?"

"त्यान्लाबी. बापालाबी कळवतो!"

मी टपरीवर उडालोच. दुसऱ्या दिवशी ठळक मथळा, 'पाळीवर उघड बोलणारी शाळा'. खाली माझं नाव.

सकाळी सातला सरांचा फोन. "काहून बदनामी करून राहिले हो? आमची शाळा दोन पाळ्यांत भरती. सकाळची अन् दुपारची! त्या पाळीचं सांगितलं मी!"

"आणि ती दुसरी... मुलींची?"

"तो धडा लेकरं घरीच वाचतेत."

घरी! घरी कोण वाचतं? ज्या पानावर मास्तरची जीभ अडखळते, ते पान आईपुढे उघडायचं?

गुरुवारी संध्याकाळी, संताप तसाच घेऊन मी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना फोन लावला. त्या शाळाशाळांत जातात, लेकरांच्या बिननावाच्या चिठ्ठ्या डब्यात जमवतात, एकेक प्रश्न वाचतात, सरळ उत्तर देतात. शेजारच्या गावात तर पोरं-पोरी तास संपला तरी उठेनात.

"सिस्टर, कुरुंद्याकडच्या त्या शाळेत लवकर जा."

"शुक्रवारी जाणारच होते, दादा. तुमच्या बातमीनं रद्द झालं."

"माझ्या?"

"तालुक्याच्या कार्यालयातून फाईलवर शेरा आला. 'येथे विषय आधीच शिकवला जातो, गरज नाही.' आठवीतल्या एका पोरीसाठी चालले होते मी. पहिल्यांदा पाळी आली, तिला वाटलं कॅन्सर झाला. कुणाला बोलली न्हाई. आता शाळेतच येत न्हाई."

खुलासा छापला. आतल्या पानावर, दोन ओळी. तो घेऊन तालुक्याच्या कार्यालयात जाऊन भांडलो. "गरज नाही, हे ठरवलं कुणी? नाव सांगा!"

बाबूनं शांतपणे फाईल माझ्यापुढे सरकवली.

शेऱ्याखाली सही नाही. हुद्दा नाही. आधार म्हणून एकच कागद जोडलाय, त्यावर एकच नाव आहे, आणि ते माझं!

पोरगी अजून घरीच आहे.