रामनामाच्या गोळ्या आणि ढोकरी

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आक्कानं माझ्यासाठी लिहिलेलं रामनाम मी माशांना आमिष म्हणून टाकलं आणि ते मासे एका ढोकरीला, तळ्याकाठच्या लहानशा बगळ्याला, खाऊ घातले.

मध्यभारत हे वेगळं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात स्टोअरचा कारकून होतो. विषमज्वरानं अंथरुणाला खिळलो तेव्हा आक्कानं नवस बोलला: भाऊ उठला तर सव्वा लाख रामनाम माशांना घालीन. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन घरी आली ती आमच्यातच राहिली. मी उठलो. ती लिहायला बसली.

आखलेल्या कागदावर लाल शाईनं ‘राम’, ‘राम’. मग चौकोन कापायचे, एकेक चिठ्ठी कणकेत घालून हरभऱ्याएवढी गोळी वळायची, सावलीत वाळवायची. आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरला की रविवारी सकाळी मी सायकलवर हातोदच्या रस्त्याला लागायचो. त्या बाजूला एक तलाव होता, अर्ध्यात शिंगाड्याचे वेल.

पहिले काही रविवार मी मुकाट्यानं गोळ्या टाकून परतलो. मग बसायला लागलो. पाणडुबी बुडाली की कुठे वर येईल याचा अंदाज बांधायचा, तो हमखास चुकायचा. कमळपक्षी शिंगाड्याच्या पानांवरून चालायचा, पान जेमतेम हलायचं. आणि ढोकरी. बसलेली असली की चिखलाच्या रंगाची, मान खांद्यात ओढलेली. उडाली की एकदम पांढरीशुभ्र. आजारपणानंतर माझं मन देवपूजेत लागत नव्हतं, इथे मात्र लागायचं.

गोळ्या काठाशी पडल्या की बारके मासे तिथे गोळा होतात आणि ढोकरी दोन पावलं सरकते, हे एका रविवारी लक्षात आलं. पुढच्या वेळी मूठभर गोळ्या मी मुद्दाम तिच्या पुढ्यात टाकल्या. चोच सुटताना दिसतच नाही, मासा आडवा धरलेलाच दिसतो. नेमकं कसं मारते ते बघायचं म्हणून पुन्हा टाकल्या. असे किती रविवार गेले! हात माझा, नाव रामाचं, मासा तिचा.

शिंगाडेवाला म्हातारा होडगं बांधता बांधता हे बघायचा. एकदा हसून म्हणाला, “बाबूजी, तमारो राम मछली के बुलावे, ने बगलो खई जाय!”

तो थट्टा करत होता. मी डबा बंद केला आणि त्यानंतर एकही गोळी टाकली नाही. लांब, खोल पाण्यात टाकता आल्या असत्या. पण झाकण उघडलं की ती आडवी धरलेली मासोळी दिसायची.

घरी आक्का दारातच उभी.

“क्यों रे, खाल्लं सगळं?”

“हो.”

“भांडत असतील नाही गोळ्यांवर?”

“एकदम गर्दी, आक्का.”

“अपने घर के ही हैं जैसे,” म्हणून हसायची आणि पुन्हा लिहायला बसायची.

भरलेले डबे मी कारखान्यात माझ्या कपाटात ठेवत गेलो. पाच झाले. घरी रिकामे डबे नेण्यासाठी सराफ्याजवळच्या भांडीवाल्या कसेऱ्याकडून तसेच पाच नवे आणले, इतकी माझी तयारी. सांगावंसं वाटलं नाही असं नाही. पण नवस मोडल्याचं कळल्यावर आक्कानं पहिल्या ‘राम’पासून पुन्हा सुरुवात केली असती, आणि तिचे डोळे तेव्हाच पाणावायला लागले होते. हे कारण खरं आहे. मी घाबरलो होतो, हेही खरं आहे.

तिनं उद्यापन केलं. पुरणाचं जेवण घातलं, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “सुटले मी. आता तुला काही होत नाही.”

ढोकरीला मी दोष देत नाही. ती तिच्या पोटाचं बघत होती. तिच्या चोचीनं रामनाम बाटलं असंही मला वाटत नाही. जे त्या पाण्यात चाललेलं असतं ते कोणी केलं असेल तर ढोकरीही त्यानंच केली. बाटलं असेल तर ते घरच्या दारात, “एकदम गर्दी” म्हणताना.

नोकरी बदलली तेव्हा डबे उघडले. कणकेचं किड्यांनी खाऊन पीठ केलं होतं. चिठ्ठ्या तशाच होत्या, लाल शाईसकट. त्या आता माझ्या ट्रंकेत आहेत.

आक्काला आता दिसत नाही. कोणी आलं की माझ्याकडे हात करून सांगते, “हा सव्वा लाखानं वाचलाय.” मी शेजारी बसलेला असतो.

पाच डब्यांतल्या चिठ्ठ्या नव्या कणकेत वळून खोल पाण्यात टाकायच्या आहेत. आणि त्याआधी आक्काला हे सांगायचं आहे. दोन्ही अजून बाकी आहेत.